हवेची दारे धरणारा



रात्री उसाला पाणी देताना दारे धरायला जो गडी उभा राहतो, त्याचे काम तुम्हांला मी सांगायला नको. वाफा भरला की दार मोडायचे आणि पुढचे उघडायचे. जरा डोळा लागला तर बांध फुटतो. फार घाई केली तर टोकाच्या सऱ्या कोरड्या राहतात. हातात फावडे, नजर पाण्यावर आणि मनात एकच प्रश्न: भरले की नाही? आज ज्या यंत्राची हकीगत मला सांगायची आहे ते यंत्र हेच काम करते. पाण्याऐवजी ते हवेची दारे धरते, एवढाच फरक.

मुंबईला परळ, लालबाग, लोअर परळ या बाजूला कधी जाणे झाले, तर एखाद्या उंच जागेवरून आसपासच्या मोठ्या इमारतींच्या गच्च्यांकडे पाहा. तिथे वाळत घातलेले पापड दिसणार नाहीत. मोठमोठ्या लोखंडी पेट्या मांडलेल्या दिसतील. कुणावर पंखे गरगरताहेत, कुणातून जाड नळ खाली उतरले आहेत, कुठे पाण्याचे तुषार उडताहेत. खाली दुकानांतून, कचेऱ्यांतून, सिनेमागृहांतून जी थंड हवा खेळते, ती या पेट्यांची कमाई. आणि पेटीचे दार उघडले, तर आत वहीच्या पानाएवढी एक हिरवी पट्टी दिसेल, तिच्यावर बारीक दिवे लुकलुकत असतील. तिला कंट्रोलर म्हणतात. पंखा केव्हा फिरवायचा, कॉम्प्रेसर केव्हा चालू करायचा, बाहेरची हवा किती आत घ्यायची, हे ती पट्टी ठरवते. माणूस तिथे उभा नसतो.

या पट्टीचा इतिहास सांगायला परळ-लालबागसारखी दुसरी जागा नाही, असे मी म्हणतो ते उगाच कौतुकाने नव्हे. हवेला यंत्राने वळण लावण्याची गरज ज्या धंद्यांना आधी भासली, त्यांत कापसाची गिरणी अगदी पुढे होती. आणि हे तर गिरण्यांचेच गाव.

मुंबईच्या पहिल्या सूतगिरणीची कंपनी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली काढली आणि १८५६ साली ताडदेवला ती गिरणी चालू झाली. मग एकामागून एक चिमण्या उभ्या राहिल्या. रत्नागिरी, सातारा, पुणे, नगर इकडची माणसे भोंग्याच्या हाकेवर धावू लागली. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरचा एखादा आजा-पणजा त्यांत असेल. त्याने घरी पैसे पाठवले, गणपतीला आला, आणि साचेखात्यातल्या हवेबद्दल बहुधा फारसे बोलला नाही. ती हवा कशी असे, ते ऐका.

कापूस हा मोठा तहानलेला पदार्थ. हवेत ओल असेल तर तो ती पितो, हवा कोरडी झाली की सोडून देतो. व्यापारात कोरड्या कापसाच्या वजनावर साडेआठ टक्के ओलावा धरण्याचा रिवाज आहे, तो याचमुळे. ओल पोटात असली की तंतू मऊ आणि चिवट राहतो. ओल गेली की तार ठिसूळ होते, पुंजके हवेत उडतात, तंतू एकमेकांना झिडकारू लागतात, आणि साच्यावर ताणलेला ताणा पटापट तुटतो. तार तुटली की साचा थांबतो. साचा थांबला की मालकाचे नुकसान, आणि कापडावर मजुरी घेणाऱ्या विणकराचेही. मुंबईची हवा समुद्राकाठची, म्हणून दमट खरी. पण थंडीत पूर्वेकडून कोरडा वारा सुटला की तिचाही भरवसा नसे. म्हणून साचेखात्यात मुद्दाम ओल सोडत. ती सोडायचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे वाफ. बॉयलर होताच.

आता तुम्हीच विचार करा. मुंबईचा मे महिना, करवतीच्या दात्यांसारखे छप्पर, शेकडो साच्यांचा धडधडाट, आणि त्यांत वरून वाफ. सूत खूष, माणूस भिजलेला. घाम येतो, पण वाळत नाही. आणि घाम वाळला नाही तर अंगाला गारवा मिळत नाही. उकाड्यात शरीराचा गारव्याचा बराचसा कारभार घाम वाळण्यावरच तर चालतो.

हे दुखणे एकट्या मुंबईचे नव्हते. विलायतेत लँकेशायरच्या विणकरांनी या वाफेविरुद्ध ओरड केली, तेव्हा तिथल्या पार्लमेंटाला १८८९ साली कापड गिरण्यांसाठी खास कायदा करावा लागला. अमुक उष्णतेला अमुक इतकीच ओल, याचे कोष्टकच त्यात घातलेले होते. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांना एकत्र करून सरकारपुढे मागण्या ठेवल्या. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि अपघात झाला तर भरपाई, अशा त्या मागण्या. त्यांत हवेचे नाव नाही. ज्याला आठवड्याची सुटीच नाही, तो हवा कुठून मागणार! रविवारची सुटी मिळायलाच १८९० साल उजाडले.

इकडे हे चालले असताना अमेरिकेत एका मास्तरांच्या डोक्यात वेगळेच काही घोळत होते. शिक्षक मंडळींनी हा भाग जरा कान देऊन ऐकावा. विस्कॉन्सिन प्रांतात व्हाइटवॉटर नावाच्या गावी शिक्षकांना तयार करणारे ट्रेनिंग कॉलेज होते. तिथे वॉरन जॉन्सन हे प्राध्यापक. थंडी कडाक्याची. तळघरात भट्टी पेटवून वर्गांना ऊब देत. पण कोणत्या वर्गात उष्मा झाला, कोणत्या वर्गात पोरे कुडकुडताहेत, हे तळघरात कसे कळणार? म्हणून शाळेचा शिपाई दर थोड्या वेळाने प्रत्येक वर्गात शिरे, थर्मामीटर पाही आणि खाली जाऊन झडपा फिरवी. दर वेळी शिकवण्यात खंड. जॉन्सनसाहेब कंटाळले, आणि १८८३ साली त्यांनी एका उपकरणाचे पेटंट घेतले. उष्णतेने कमी-जास्त वळणारी धातूची पट्टी, तिला जोडलेली विजेची तार, आणि तळघरात घंटा. वर्ग थंड झाला की खाली घंटा वाजायची. पुढे शिपायाच्याही जागी झडपच आपोआप हलू लागली. १८८५ साली त्यांनी मिलवॉकी शहरात कंपनी काढली. त्याच साली मिनियापोलिसच्या अल्बर्ट बुट्झ यांनी भट्टीचा दरवाजा आपोआप उघडमिट करणारी युक्ती बसवली. खोलीतल्या हवेची बातमी यंत्राला कळवणाऱ्या या पट्टीला थर्मोस्टॅट म्हणतात, आणि आजच्या हिरव्या पट्टीची ही पणजी.

ध्यानात घ्या, जॉन्सनच्या उपकरणाचे सगळे मर्म ती पट्टी कुठे टांगली यात आहे. ती त्यांनी वर्गात टांगली, मुलांमध्ये. तळघरात भट्टीजवळ टांगली असती, तर तिने भट्टीचे सुख पाहिले असते.

गिरण्यांनी ती सुताजवळ टांगली. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात ओलाव्याने कागद फुगून रंग हलत, म्हणून विलिस कॅरियर या तरुण इंजिनियराने हवेतली ओल ताब्यात ठेवण्याची योजना आखली. नॉर्थ कॅरोलिनात शार्लट शहरी स्टुअर्ट क्रॅमर नावाचे गिरणी-इंजिनियर होते. सूत ओलावून तयार करण्याला गिरण्यांत ‘कंडिशनिंग’ म्हणत. क्रॅमरसाहेब म्हणाले, मी सुताऐवजी हवेचेच कंडिशनिंग करतो. १९०६ साली त्यांनी ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्द वापरात आणला. आज लग्नाच्या हॉलवर ‘ए.सी.’ अशी पाटी लागते, तो शब्द असा कापसाच्या गिरणीत जन्मला. वाफ सोडण्याऐवजी गार पाण्याचे तुषार आणि त्यांतून ओढलेली हवा, ही कॅरियरची रीत. तिच्यात पाण्याची उष्णता ठरवली की हवेतली ओल आपोआप ठरते. जपानात योकोहामाच्या रेशीम गिरणीला १९०७ सालीच त्यांची यंत्रणा गेली.

मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली, ती मुख्यतः १९१५ साली खोपोलीचे टाटांचे वीजघर चालू झाल्यापासून. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी घाटाखाली पडते आणि परळला पट्टे फिरतात, असा तो चमत्कार. पण चमत्काराची किंमत कोणीतरी देतोच. पुढच्या योजनेत मुळशी पेट्यातली गावे आणि भाताची खाचरे बुडणार होती, म्हणून १९२१ साली तिथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यात होते. सत्याग्रह मोडला आणि धरण झाले. गच्चीवरच्या पेटीचे नाव काढले की मला हेही आठवते, म्हणून सांगितले.

१९२० नंतर भारत सरकारने टी. मलोनी या अधिकाऱ्याला देशातल्या गिरण्यांमधला ओलावा आणि हवा यांच्या चौकशीवर नेमले. त्यांचे मुख्य हत्यार अगदी साधे होते: दोन थर्मामीटर शेजारी शेजारी, एक कोरडा आणि दुसऱ्याच्या फुग्याला ओले फडके. फडक्यातले पाणी उडून जाताना फुगा गार होतो, माठातले पाणी गार होते तसाच. हवा कोरडी असेल तर दोन्हींत अंतर पुष्कळ. हवा ओलीचिंब असेल तर अंतर जवळजवळ नाहीच. या दोन नळ्यांची गंमत अशी की सुताला हवी ती बातमी त्या देतात आणि माणसाला हवी तीही देतात. विणाई-मास्तराने पाहिले तर तो म्हणेल, अंतर वाढले, ओल सोडा. डॉक्टराने पाहिले तर तो म्हणेल, ओला थर्मामीटर फार वर गेला, आता माणसांचा घाम वाळत नाही, ओल थांबवा. नळ्या त्याच. वाचणारा कोण, त्यावर सारे अवलंबून.

स्वराज्यात १९४८ चा फॅक्टरी कायदा झाला. त्याचे पंधरावे कलम केवळ या कृत्रिम ओलाव्याबद्दल होते. किती ओल असावी याचे नियम राज्य सरकारने करावेत, ओल योग्य रीतीने मोजून तिची नोंद ठेवायला लावावी, आणि हवेत सोडायचे पाणी पिण्याच्या पाण्यासारखे स्वच्छ असावे, असे त्यात होते. शेवटची अट किरकोळ वाटेल. पण ते पाणी हजारो माणसे दिवसभर श्वासाबरोबर आत घेत होती. कापसाच्या धुळीने छाती धरण्याचा रोग वेगळाच.

सुतासाठी आलेली हवा माणसांसाठी प्रथम वळली ती करमणुकीच्या जागी. १९३३ साली कुलाब्याला रीगल थिएटर उघडले ते थंड हवेसकटच. १९३८ साली धोबीतलावला मेट्रो आले, म्हणजे गिरगावकरांच्या अगदी दाराशी. उन्हाळ्यात चित्रपट कसा का असेना, तीन तास गारव्यात बसायला मिळते, हा हिशेब गिरगावातल्या चाळीत कोणी केलाच नसेल असे मला वाटत नाही.

व्होल्कार्ट ब्रदर्स ही स्विस पेढी १८५१ साली विंटरथूर आणि मुंबई अशा दोन्ही ठिकाणी एकदम निघाली. तिचा मोठा धंदा आपल्याकडचा कापूस परदेशी पाठवण्याचा. १९५४ साली ही पेढी आणि टाटा सन्स यांनी मिळून व्होल्टास कंपनी काढली. नावात दोघांचीही अक्षरे आहेत. ती थंड हवेच्या यंत्रांसाठी नावाजली, आणि तिची कचेरी लालबागला खेटून चिंचपोकळीला आली. कापसाच्या मागोमाग हवा गेली, ती अशी.

त्या काळात मोठ्या इमारतींत हवेची दारे धरण्याचे काम दाबलेल्या वाऱ्यावर चाले. भिंतीतून बारीक नळ्या गेलेल्या, त्यांत कॉम्प्रेसरचा वारा. थर्मोस्टॅट तो दाब कमी-जास्त करी आणि त्या दाबाने झडप हले. सायकलच्या पंपाचीच मोठी बहीण म्हणा. १९७० नंतर हळूहळू त्या नळ्यांच्या जागी तारा आल्या, आणि गणित करणारी चिमुकली चिप त्या पट्टीवर बसली.

ही पट्टी काय करते, ते तुमच्या मोटारपंपावरून सांगतो. विहिरीवर तुम्ही ‘ऑटो’ बसवता. वीज आली की पंप चालू. पण पुष्कळ जण त्यात थोडा उशीर ठेवतात, कारण वीज येते-जाते, येते-जाते, आणि दर वेळी मोटर झटका खाते. गच्चीवरच्या कॉम्प्रेसरचेही तसेच. तो बंद झाला की आतल्या वायूचा दाब दोन्हीकडे सारखा व्हायला वेळ लागतो. लगेच चालू केला तर मोटर अडते आणि जळते. म्हणून पट्टी त्याला तीनेक मिनिटे थांबवून धरते, खाली कोणी कितीही बटणे दाबोत.

दुसरे काम अधिक हुशारीचे. अडाणी गडी दार एक तर सताड उघडतो, नाही तर पार बंद करतो. तरबेज गडी पाहतो की वाफा किती रिकामा आहे आणि किती वेळापासून रिकामा आहे. त्या मानाने एक फावडे माती काढतो, की दोन. पट्टीही हवी ती उष्णता आणि असलेली उष्णता यांतले अंतर पाहते, ते अंतर किती वेळ टिकले तेही पाहते, आणि पंख्याचा वेग किंवा पाण्याची झडप थोडी थोडी हलवते. आत माणसे वाढली की त्यांच्या उच्छ्वासाचा वायू वाढतो. तो मोजणारे यंत्र जोडलेले असेल, तर बाहेरची ताजी हवा जास्त घेते. आगीची घंटा झाली तर पंखे थांबवते, नाही तर धूर मजल्यामजल्यावर पसरायचा.

आणि इथे मुंबईचा गुण आडवा येतो. थंड मुलखात बनलेल्या यंत्रांत एक सोय असते: बाहेर गार असेल तर कॉम्प्रेसर बंद करा आणि बाहेरचीच हवा आत घ्या, वीज वाचेल. युक्ती झकास. पण मुंबईचा जुलै घ्या. पाऊस पडून बाहेर थोडे निवले आहे. पट्टीला नुसती उष्णता कळत असेल, तर ती खुशाल दारे उघडील. आणि हवेबरोबर आत येईल ती ओल. भिंती ओलावतील, कागद मऊ पडतील, माणसे चिकचिकतील. म्हणून इथल्या पट्टीला उष्णता आणि ओल ही दोन्ही कळावी लागतात. मलोनीसाहेबांच्या दोन नळ्याच पुन्हा, आता तांदळाच्या दाण्याएवढ्या झालेल्या.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या पुढारीपणाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मिटलाच नाही. गिरण्या बंद पडत गेल्या, जमिनी विकल्या गेल्या. या विषयावर वेगळे व्याख्यान लागेल. इथे एवढेच सांगतो की १९०५ साली निघालेल्या फिनिक्स मिलच्या आवारात मोठा बाजार उभा राहिला, आणि जुनी चिमणी तेवढी आठवणीला ठेवली गेली. आता पाहा कशी उलटापालट झाली. गिरणगावच्या या जमिनीवर शंभर वर्षे हवेत पाणी घालत होते, कारण सुताला ते हवे होते. आता तिथेच हवेतून पाणी काढतात, कारण गिऱ्हाइकाला कोरडा गारवा हवा आहे. थंड नळ्यांवर हवेतली ओल दवासारखी जमते आणि पन्हळीतून थेंब थेंब बाहेर पडते.

मग आता तरी माणसाचे सुख मोजले जाते ना? हो, मोजले जाते. पण कोणत्या माणसाचे? पट्टीला जोडलेला कान दुकानात असेल, तर दुकानातल्याचे. तो चुकून उन्हाने तापलेल्या भिंतीवर बसवला, तर बाकी सगळे गारठतात आणि पट्टी म्हणते, अजून गरम आहे. आतून काढलेली उष्णता, आणि कॉम्प्रेसरने खाल्लेल्या विजेची उष्णता, या दोन्हींची बेरीज गच्चीवरून बाहेर फेकली जाते. शेजारी चाळ असेल तर तिच्या गॅलरीत कान बसवलेला नाही. मे महिन्याच्या दुपारी गच्चीवर पेटी दुरुस्त करायला जो कारागीर चढतो, त्याच्याही अंगावर तोच झोत येतो. यंत्राची यात लबाडी नाही. त्याला जे मोजायला सांगितले, ते त्याने चोख मोजले.

मोजायला काय सांगावे, हे मात्र माणसे बदलू शकतात. १ जानेवारी २०२० पासून सरकारच्या ऊर्जाबचत खात्याच्या नियमाने खोलीत बसवायच्या, तारांकित एअर कंडिशनरांना कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून पाठवावे लागते. पुढे घेणाऱ्याला ते बदलता येते. बहुतेक लोक बटणाला हातच लावत नाहीत, हे ओळखून केलेला हा नियम आहे, आणि मला तो शहाणपणाचा वाटतो.

शिक्षक मंडळींना एक सुचवतो. दोन साधे थर्मामीटर घ्या, एकाच्या फुग्याला मलमलीचे फडके गुंडाळून त्याचे टोक पाण्याच्या वाटीत सोडा, आणि रोज मधल्या सुटीत दोन्ही आकडे मुलांकडून फळ्यावर लिहून घ्या. चैत्रात, आषाढात आणि पौषात किती फरक पडतो, ते मुलांना आपोआप दिसेल. मात्र थर्मामीटर टांगताना ते हेडमास्तरांच्या खोलीत नकोत. मागच्या बाकाजवळ, पत्र्याखाली जिथे मुले बसतात तिथे, त्यांच्या डोक्याच्या उंचीला टांगा.